वरसईच्या भिक्षुकाची भाषा : 'माझा प्रवास'चे एक वाचन

प्रास्ताविक

पेण तालुक्यातील वरसई या गावचे विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक मराठी साहित्याच्या अभ्यासकाला सामान्यतः दोन ठिकाणी भेटते. मराठीतील आरंभीच्या प्रवासवर्णनांचा विचार होतो तेथे, आणि १८५७ च्या उठावाच्या प्रत्यक्षदर्शी वृत्तान्तांची यादी केली जाते तेथे. दोन्ही ठिकाणी त्याचा गौरवच होतो. तथापि दोन्ही ठिकाणी पुस्तकाचा बराच मोठा भाग वाचकाच्या हातून निसटतो. प्रवासवर्णन म्हणून वाचणारा नगरे, नद्या आणि क्षेत्रे शोधतो. इतिहासाचे साधन म्हणून वाचणारा झाशीचा वेढा, राणी लक्ष्मीबाई आणि ह्यू रोजची फौज शोधतो. यज्ञाच्या वार्ता, अनुष्ठानात वर्णी लागावी म्हणून केलेली खटपट, दक्षिणेचे आकडे, शिध्याची सोय, सोवळ्याची अडचण आणि प्रायश्चित्ताचे वाद हा सारा मजकूर दोघांनाही मधला भरणा वाटतो. प्रस्तुत लेखाचा विषय हा भरणाच आहे.

या भरण्याकडे नीट पाहिले असता असे दिसते की विष्णुभटांनी केवळ गदराची हकीकत लिहिलेली नाही. ज्या भिक्षुकवर्गात ते जन्मले आणि वाढले, त्या वर्गाच्या बोलण्याचे, वार्ता पोचविण्याचे, विश्वास ठेवण्याचे आणि हिशेब मांडण्याचे असे वर्णन त्यांनी केले आहे की जे बाहेरच्या कोणाही अभ्यासकाला साधले नसते. असे वर्णन त्यांच्या हातून का घडले, आणि छापील पुस्तकात ते धूसर का झाले, या दोन प्रश्नांचा येथे विचार केला आहे.

संभाषितसमूह : संज्ञेविषयी थोडेसे

'डिस्कोर्स कम्युनिटी' ही संज्ञा व्यवस्थित रूपात मांडली ती जॉन स्वेल्स यांनी, १९९० साली प्रसिद्ध झालेल्या 'जॉनर ॲनालिसिस' या ग्रंथात. 'डिस्कोर्स'साठी मराठीत संभाषित, संकथन, चर्चाविश्व असे निरनिराळे प्रतिशब्द योजले जातात. येथे 'संभाषितसमूह' हा शब्द वापरला आहे. एक बोली बोलणाऱ्यांचा तो भाषिक समाज. एक कार्य साधण्यासाठी विशिष्ट रीतीने बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांचा तो संभाषितसमूह. पहिल्यात मनुष्य जन्माने येतो, दुसऱ्यात त्याला उमेदवारी करून प्रवेश मिळवावा लागतो. भिक्षुकीच्या बाबतीत ही विभागणी तेवढीशी टिकत नाही, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. कारण तेथे जन्म ही पहिली अट होती आणि अध्ययन ही दुसरी. समान उद्दिष्टे, आपसांत वार्ता पोचविण्याची साधने, खास शब्दसंग्रह, लेखनाचे व बोलण्याचे ठरलेले प्रकार, आणि जाणत्यांकडून नवख्यांकडे होणारे संक्रमण ही स्वेल्स यांनी सांगितलेल्या लक्षणांतील प्रमुख होत. २०१६ मध्ये आपल्याच संकल्पनेचा फेरविचार करताना त्यांनी एका जागी राहणारे समूह, दूर विखुरलेले पण एका विषयाने बांधलेले समूह, आणि या दोहोंचे गुण असलेले मिश्र समूह असा भेद केला. वरसईत घर असलेला आणि मथुरेच्या यज्ञाची वार्ता ऐकून निघणारा भिक्षुक या तिसऱ्या वर्गात चपखल बसतो.

या संकल्पनेच्या इतिहासातील एक गोष्ट येथे विशेष उपयोगी आहे. स्वेल्स यांनी १९९० च्या ग्रंथात उदाहरणादाखल जो समूह घेतला तो हाँगकाँगच्या टपाल तिकिटांचा अभ्यास करणाऱ्या संग्राहकांचा होता, आणि ते स्वतः त्याचे सभासद होते. पुढे १९९८ च्या 'अदर फ्लोअर्स, अदर व्हॉइसेस' या पुस्तकात मिशिगन विद्यापीठातील ज्या इमारतीत ते काम करीत, तिच्याच तीन मजल्यांवरील लेखनव्यवहाराचा त्यांनी अभ्यास केला. आपण ज्यात वावरतो त्या समूहाचे विश्लेषण हा या अभ्यासपद्धतीचा मूळ स्वभाव आहे. त्यातील अडचणही उघड आहे. जो शब्द रोज तोंडी असतो त्याकडे कोणी थबकून पाहत नाही. समूहातल्या माणसाला आपली भाषा ही भाषाच वाटते, एक प्रकारची भाषा वाटत नाही. तिचे वेगळेपण त्याला जाणवते ते जेव्हा ती न जाणणाऱ्यास समजावून सांगण्याची पाळी येते तेव्हा. विष्णुभटांवर ती पाळी १८८३ च्या सुमारास आली.

मराठीत आपल्याच गावाचा व समाजाचा शोध घेणारा मोठा प्रयत्न म्हणून ना. गो. चापेकर यांच्या १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या 'बदलापूर'चा निर्देश केला जातो, आणि तो योग्यच आहे. वरसईच्या भिक्षुकाने लेखणी हाती धरली ती त्यापूर्वी सुमारे पन्नास वर्षे.

भिक्षुकाचे अर्थकारण

विष्णुभट घराबाहेर पडले ते कर्जामुळे, याविषयी ते स्वतः काही लपवीत नाहीत. परंतु हे कर्ज एका घराचे असले तरी त्यामागची परिस्थिती एका घराची नव्हती. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पुण्यातील श्रावणमासाच्या दक्षिणेचा ओघ आटला. इंग्रज सरकारने त्या निधीचा काही भाग पुण्याच्या संस्कृत पाठशाळेकडे आणि पुढे मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाकडे वळविला. शेजारचे कुलाब्याचे आंग्रे संस्थानही १८४० नंतर उरले नाही. उत्तर कोकणातील वैदिक व याज्ञिक घराण्यांना जवळपास दाता राहिला नाही, आणि दाते उरले होते ते नर्मदेपलीकडे : इंदूर, धार, ग्वाल्हेर, झाशी, ब्रह्मावर्त. मराठी भिक्षुकाच्या मनातील नकाशा या दरबारांनी आखलेला होता. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस सर्वतोमुख यज्ञ करणार, त्यात लक्षावधी रुपयांचा धर्मव्यय होणार, ही वार्ता वरसईस पोचली आणि विष्णुभट आपल्या चुलत्यांसह १८५७ च्या आरंभीच्या महिन्यांत निघाले.

ही वार्ता कशी पोचली, हा प्रश्न आजवर फारसा विचारला गेलेला नाही. ज्या काळात तारयंत्र नुकतेच आले होते आणि वृत्तपत्रे मूठभर होती, त्या काळात मथुरेच्या यज्ञाची बातमी सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका खेड्यात येते, तीत दक्षिणेचा अदमास असतो, आणि तिच्यावर विसंबून दोन माणसे कित्येक महिन्यांच्या प्रवासास निघतात. पत्रे, यात्रेकरू, क्षेत्रोपाध्याय, परतणारे सोबती आणि सोयरीक यांचे एक जाळे भिक्षुकवर्गाने विणलेले होते. स्वेल्स ज्याला समूहांतर्गत संवादाची साधने म्हणतात ती हीच. 'माझा प्रवास'मध्ये कोणी कोणास भेटले की प्रथम गाव, मग घराणे, मग ओळखीचा दुवा निघतो, आणि दुवा निघाला की उतरण्याची जागा, भोजनाची सोय आणि पुढच्या दात्याची वार्ता मिळते. परमुलखात हा परिचयविधी म्हणजे प्रवेशपत्रच होते. तो विष्णुभट इतक्या सहजपणे आणि इतक्या वेळा लिहितात की वाचकाला त्याचा कंटाळा येतो. पण तो काढून टाकला तर हा प्रवास शक्यच कसा झाला हे कळेनासे होते.

खास शब्दसंग्रहाबाबत एकच उदाहरण पुरे आहे. यज्ञात वा अनुष्ठानात ब्राह्मणाची रीतसर निवड करणे म्हणजे वरण, आणि त्यातून 'वर्णी लागणे'. एखाद्या महामंडळावर कोणाची वर्णी लागली हे आजची वृत्तपत्रे मोठ्या ठशात छापतात, तेव्हा त्या शब्दामागचा मंडप, संकल्प आणि हातावर पडणारे उदक कोणाच्या ध्यानात नसते. मराठीच्या सार्वजनिक भाषेत भिक्षुकीची भाषा अशी कितीतरी ठिकाणी मुरलेली आहे. विष्णुभटांच्या लेखनात ती मुरलेली नसून उघडी आहे, कारण तेथे ती रोजच्या कामाची भाषा आहे.

दक्षिणेच्या आकड्यांचा प्रश्नही येथेच येतो. कोणत्या दरबारी किती मिळाले, कोणत्या दानात काय वाट्यास आले, लुटीत किती गेले, याच्या नोंदी विष्णुभट वारंवार करतात. राणीच्या पराक्रमाने भारावलेल्या वाचकाला या नोंदी खटकतात, आणि त्यातून लेखक द्रव्यलोभी असावा अशी समजूतही होते. या समजुतीला पुस्तकात आधार नाही. द्रव्यार्जनासाठी निघालेला भिक्षुक परतल्यावर घरच्यांना आणि धनकोंना जाब देणार असतो. म्हणून दान, दाता, कारण आणि रक्कम असा क्रम त्याच्या सांगण्यात पक्का बसलेला असतो. व्यापाऱ्याच्या पत्रात जसा भाव येतो, तशी भिक्षुकाच्या हकीकतीत दक्षिणा येते. तो त्या लेखनप्रकाराचा धर्म आहे. उलट दक्षिणेच्या नोंदी गाळून लिहिलेली भिक्षुकाची हकीकत त्याच्या स्वतःच्या समूहाला संशयास्पद वाटली असती.

ऐकीव माहिती आणि विश्वास

इतिहासाच्या अभ्यासकांचा 'माझा प्रवास'वरील प्रमुख आक्षेप असा की त्यात पाहिलेले आणि ऐकलेले यांची सरमिसळ आहे. आक्षेप खरा आहे. महूच्या आसपास भेटलेल्या शिपायांकडून काडतुसांची हकीकत आणि इंग्रजांनी हिंदुस्थानच्या धर्मास बाधक अशी चौऱ्याऐंशी कलमांची यादी काढल्याची वार्ता विष्णुभट ऐकतात व लिहून ठेवतात. इतिहासाच्या दृष्टीने ही यादी अफवाच. परंतु अफवा कोणत्या आकारात विश्वसनीय होते, हे या उताऱ्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. धर्मावरील संकट 'कलमां'च्या रूपाने येते. कलमांची संख्या चौऱ्याऐंशी, म्हणजे लक्ष योनींपासून आसनांपर्यंत परंपरेने पवित्र मानलेली. सरकारी कागद आणि शास्त्रोक्त गणना यांचा असा सांधा जुळल्यावर भिक्षुकाने ती वार्ता खरी मानली नसती तरच नवल. शिपायांच्या समूहातून निघालेली गोष्ट भिक्षुकांच्या समूहात शिरताना तिला कोणते रूप असावे लागले, याचा हा पुरावा आहे. खरेखोटे निवडणाऱ्या इतिहासकाराने तो टाकून दिला तरी भाषेच्या अभ्यासकाला तो टाकता येत नाही.

येथे विष्णुभटांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. झाशीतील वेढ्याचे दिवस, तोफांचा मारा, शहर पडल्यानंतरची कत्तल व लूट, लपून काढलेल्या रात्री यांचे वर्णन करताना त्यांची भाषा बदलते. तेथे ऐकीव वार्तेची लांबण नाही, परिचयविधी नाही, दक्षिणा नाही. समूहाची भाषा जेथे पुरत नाही तेथे ते ती बाजूला ठेवतात, आणि मराठी गद्यातील काही अविस्मरणीय पाने निर्माण होतात. आपली भाषा कोठे थांबते हे ज्याला कळते, त्याला ती काय आहे हेही कळलेले असते.

विहिरीवरचा प्रसंग

पुस्तकातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग काल्पीच्या वाटेवरचा आहे. झाशी गेलेली, राणी पराभवानंतर घोड्यावरून धुळीने माखलेली, तहानलेली. विहिरीपाशी हा ओळखीचा ब्राह्मण. तो पाणी काढून देऊ करतो. राणी त्याला थांबविते, विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणते, आणि स्वतःच्या हाताने पाणी काढते. आपण विधवाधर्म सोडून धर्माच्या अभिमानाने या कर्मास प्रवृत्त झालो, अशा आशयाचे तिचे बोलणे विष्णुभट नोंदवितात. पाठ्यपुस्तकांतून आणि व्याख्यानांतून हा प्रसंग राणीच्या विनयाचे व करुणेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो.

भिक्षुकाच्या बाजूने पाहिले तर त्यात आणखी काही दिसते. राज्य गेले, दरबार गेला, दाता आणि याचक हे नातेच संपले. राणीपाशी आता देण्यासारखे काही नाही आणि विष्णुभटांपाशीही लुटीनंतर फारसे काही उरलेले नाही. अशा वेळी पाणी कोणी काढावे हा क्षुल्लक प्रश्न दोघे मिळून जुन्या नियमाने सोडवितात. सेवा देऊ करणे हे त्याचे, ती नाकारणे हे तिचे. ज्या व्यवस्थेत या दोघांना आपापले स्थान होते ती व्यवस्था एका दोरीच्या आणि मडक्याच्या व्यवहारात क्षणभर पुन्हा उभी राहते. विष्णुभटांनी हे बोलणे इतक्या वर्षांनंतरही लक्षात ठेवले, त्याचे कारण राणीची थोरवी हे तर आहेच. शिवाय ते बोलणे त्यांच्या समूहाच्या भाषेतले होते हेही आहे. अन्य भाषेतले बोलणे त्यांना कदाचित इतके स्वच्छ आठवले नसते. याच कारणाने ते शब्दशः खरे आहे काय, अशी शंका घेण्यासही जागा राहते. स्मृती आपल्या सवयीच्या साच्यात शब्द ओतते.

हस्तलिखित ते छापील पुस्तक

विष्णुभटांना लिहावयास लावले ते चिंतामणराव वैद्य यांनी. वैद्य घराण्याशी विष्णुभटांचा यजमान आणि भिक्षुक असा संबंध होता. वैद्य तरुण, इंग्रजी शिकलेले, पुढे ग्वाल्हेर संस्थानात न्यायाधीश झालेले आणि 'भारताचार्य' म्हणून मान्यता पावलेले. हा वाचक डोळ्यांसमोर ठेवूनच हस्तलिखित तयार झाले, हे विसरता कामा नये. यजमान म्हणून वैद्य भिक्षुकाच्या जगाच्या उंबरठ्यावर होते, आणि इंग्रजी विद्येमुळे त्या जगाच्या बाहेर होते. त्यांना सर्वच समजावून सांगण्याची गरज नव्हती, पण काहीच न सांगून चालणारे नव्हते. 'माझा प्रवास'मधील तपशिलाची घनता या मधल्या अंतरातून आलेली आहे.

हस्तलिखित बरीच वर्षे वैद्यांपाशी राहिले आणि लेखकाच्या निधनानंतर १९०७ साली छापले गेले. दरम्यान १८९४ मध्ये द. ब. पारसनीस यांचे लक्ष्मीबाईंचे चरित्र प्रसिद्ध झाले होते. १९०७ हे उठावाचे पन्नासावे वर्ष. त्याच सुमारास लंडनमध्ये वि. दा. सावरकर उठावास 'स्वातंत्र्यसमर' म्हणणारा ग्रंथ सिद्ध करीत होते, तर वैद्यांनी छापलेल्या पुस्तकाच्या नावात 'बंडाची हकीकत' हे शब्द होते. 'बंड' या शब्दाने पुस्तक सरकारी रोषापासून काहीसे सुरक्षित राहिले असेल. परंतु त्याने आणखीही एक काम केले. भिक्षुकाच्या यात्रेची हकीकत त्या शब्दाने इतिहासाच्या कपाटात नेऊन ठेवली.

वैद्यांनी भाषेवर संस्कार केले आणि काही मजकूर गाळला. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. हस्तलिखित त्यांनी नष्ट केले नाही. ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात सुरक्षित राहिले, आणि १९६६ मध्ये द. वा. पोतदार यांनी मूळ संहितेवरून पुस्तकाची आवृत्ती सिद्ध केली. (हे मंडळ १९१० साली स्थापन करणाऱ्या इतिहासाचार्य राजवाडे यांचेही नाव वरसईशी निगडित आहे, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे.) प्रश्न हेतूचा नाही, दोन समूहांच्या रुचीचा आहे. वैद्य ज्या वर्तुळात वावरत होते तेथे इतिहासलेखनाचे संकेत ठरत आले होते : घटनाक्रम स्पष्ट हवा, अवांतर नको, ग्राम्य नको, गद्य शिष्ट हवे. या चाळणीतून भिक्षुकाचे बोलणे गेले तेव्हा वर राहिले ते नेमके त्याच्या समूहाचे वैशिष्ट्य. अनुवादांचा इतिहासही याला पूरक आहे. अमृतलाल नागर यांच्या हिंदी अनुवादाच्या नावात 'गदर' आहे. मृणाल पांडे यांच्या २०११ च्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकात १८५७ हा आकडाच पुढे आहे. प्रिया आडारकर व शांता गोखले यांच्या २०१४ च्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकात मात्र ब्राह्मण पुरोहित आणि त्याचा प्रवास प्रथम येतो, उठाव नंतर. भिक्षुकाला शीर्षकात जागा मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने येथे एक व्यावहारिक मुद्दा उपस्थित होतो. अभ्यासक्रमात 'माझा प्रवास' नेमताना संहिता कोणती, याचा उल्लेख अनेकदा नसतो. वैद्यांची संहिता शिकविताना विष्णुभटांच्या शैलीवर प्रश्न विचारले जातात, तेव्हा विद्यार्थी कोणाच्या शैलीबद्दल लिहितो, हे परीक्षकालाही सांगता येणार नाही. दोन्ही संहितांतील एखादा उतारा शेजारी ठेवून वाचणे हे पदव्युत्तर वर्गात सहज शक्य आहे. त्याने भाषाविज्ञान, पाठचिकित्सा आणि साहित्यसमीक्षा या तिन्ही विषयांचे काम होते.

आतून आणि बाहेरून

भिक्षुकवर्गाचे चित्रण एकोणिसाव्या शतकात अन्यत्रही झाले आहे. लोकहितवादींनी १८४८ ते १८५० या काळात 'प्रभाकर' पत्रातील आपल्या पत्रांतून भटांच्या अर्थशून्य पाठांतरावर आणि परावलंबनावर कोरडे ओढले. ते ब्राह्मण होते, पण सरकारी नोकरीतले गृहस्थ होते; भिक्षुकाशी त्यांचे नाते शेजाऱ्याचे होते. जोतीराव फुले यांनी १८६९ च्या 'ब्राह्मणांचे कसब' आणि १८७३ च्या 'गुलामगिरी'त हाच वर्ग शूद्रातिशूद्रांच्या बाजूने पाहिला. ज्याच्या घरी भट संकल्प सांगतो आणि ज्याच्याकडून दक्षिणा नेतो त्याच्या बाजूने. विष्णुभटांचे लेखन यानंतर दहा वर्षांनी झाले. या टीकेचा त्यांच्यावर परिणाम झाल्याची खूण पुस्तकात दिसत नाही. ते बचाव करीत नाहीत, कारण आपल्यावर आरोप आहे हे त्यांच्या भाषेला ठाऊकच नाही. झाशीतील एका शास्त्र्याच्या अनाचाराचे आणि त्यातून उठलेल्या प्रायश्चित्ताच्या गोंधळाचे प्रकरण ते जसे घडले तसे सांगून टाकतात. सुधारकाने ते ढोंगाचा पुरावा म्हणून वापरले असते, आणि अभिमान्याने गाळले असते.

मात्र आतून पाहणाऱ्याची मर्यादाही येथेच उघडी पडते. फुले जे पाहू शकले ते विष्णुभटांना दिसत नाही. दान म्हणून जे द्रव्य वाटले जाते ते कोणाच्या शेतसाऱ्यातून खजिन्यात आले, हा प्रश्न दक्षिणेच्या काटेकोर नोंदींत कोठेही येत नाही. वरसईस मागे राहिलेल्या घरातील स्त्रियांनी ही दोन-अडीच वर्षे कशी काढली, याविषयीही फार थोडे हाती लागते. समूहाची भाषा जितके दाखविते तितकेच झाकते, आणि झाकलेले काढण्यास दुसऱ्या समूहाची भाषा लागते. म्हणून 'माझा प्रवास' आणि 'गुलामगिरी' ही पुस्तके एकाच वर्गात, एकामागून एक शिकविणे लाभाचे ठरेल. ती परस्परांना खोडत नाहीत. एकाच व्यवहाराच्या देणाऱ्या आणि घेणाऱ्या हातांची ती वर्णने आहेत.

याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण तुलनेस घेता येते. रोह्याशी ज्यांच्या घराण्याचा निकट संबंध होता ते चिंतामणराव देशमुख सनदी नोकरीतून रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे केंद्रीय अर्थमंत्री झाले. १९७४ मध्ये त्यांनी 'द कोर्स ऑफ माय लाइफ' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. संस्कृतचे ते गाढे व्यासंगी होते, 'मेघदूता'चा मराठी अनुवाद त्यांच्या नावावर आहे. तरी आयुष्याची हकीकत त्यांनी इंग्रजीत लिहिली. त्यात विसंगती नाही. ज्या प्रशासकवर्गात त्यांची कारकीर्द घडली त्याचे टिपण, अहवाल आणि ठराव इंग्रजीत होते, आणि त्या वर्गासाठी लिहिताना कोणा संपादकाने भाषा सुधारण्याची गरज नव्हती. समूहाची भाषा आणि छापखान्याची भाषा तेथे एकच होती. वरसईच्या भिक्षुकाजवळ ही सोय नव्हती. रोह्याच्या सामान्य मराठी वाचकाला मात्र देशमुखांच्या जगात शिरणे विष्णुभटांच्या जगात शिरण्याहून सोपे नाही. दोन्हींकडे उंबरठा आहे, फक्त एकाचा उंबरठा आपल्या ओळखीच्या बाजूस आहे असे आपण मानतो.

कावड

पुस्तकाचा शेवट गंगाजलाच्या कावडीने होतो. मथुरेचा यज्ञ वाट्यास आला नाही, झाशीत मिळालेले झाशीतच गेले, वाटेत पुनःपुन्हा नागवले गेले, आणि कर्ज फेडण्याइतके द्रव्य घेऊन परतण्याची आशा संपली. तेव्हा विष्णुभट खांद्यावर गंगेची कावड घेऊन पायी वरसईस येतात आणि त्या पाण्याने मातापित्यांस स्नान घालतात. इतिहासाच्या वाचकासाठी पुस्तक राणीच्या मृत्यूबरोबर संपलेले असते, आणि उरलेली पाने तो भराभर उलटतो. ज्या समूहासाठी आणि ज्याच्या भाषेत ही हकीकत मूलतः सांगितली गेली, त्याच्या हिशेबात मात्र शेवटची नोंद ही आहे. जमेच्या बाजूला रुपये नाहीत. कित्येक शे कोस जमिनीला न टेकविता आणलेले पाणी आहे. कर्जाचे काय झाले हे घरच्यांनी विचारले असेल. पाणी आणले की नाही, हा प्रश्न सगळ्या गावाने विचारला असणार.